टिलरवरचं इरलं : प्रकल्प नोंदी

शनिवार, १७ फेब्रुवारी २०२४

इंग्लंडमधल्या आमच्या कालव्यावर वेल्फर्डच्या फाट्यापासून फॉक्स्टनपर्यंत आज तीन तास बोट हाकली आणि तिन्ही तास पाऊस होता. जोराचा नव्हे. आपल्याकडचा पाऊस कोसळून मोकळा होतो, इथला नुसता रेंगाळतो. अंगात दोन स्वेटर, वर चांगल्यापैकी महागाचं जाकीट, तरी डावा हात कोपरापर्यंत ओला. बाहीवरून ओघळलेलं पाणी हातमोज्यात साठतं आणि मग हातमोजा वातीसारखा ते पुन्हा वर चढवतो. हात काढून झटकावा तर टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, सोडता येत नाही.

या हिवाळ्यात हे पाचव्यांदा झालं. म्हणून सुकाणूवाल्यासाठी आडोसा करायचा, आणि त्याच्या नोंदींसाठी ही वही.

बोटीची माहिती एकदाच लिहून ठेवतो. ५० फुटी नॅरोबोट (इथल्या अरुंद कालव्यांवरची लांबट बोट), दोन कुटुंबांत निम्मी-निम्मी. रुंदी ६ फूट १० इंच, कारण इथली अरुंद लॉकं (बोट वर-खाली न्यायचे, दारं असलेले पाण्याचे हौद) ७ फुटी आहेत. मागचा भाग 'क्रूझर' पद्धतीचा, म्हणजे चार माणसं उभी राहतील असा उघडा ओटा आणि भोवती कठडा. चहा प्यायला, गप्पा मारायला झकास. पावसात मात्र तुम्ही भर मैदानात उभे. जुन्या 'ट्रॅडिशनल' पद्धतीच्या बोटीत सुकाणूवाला दाराच्या चौकटीत, पायरीवर उभा असतो. वरचं सरकतं झाकण पोटापर्यंत ओढून घेतलं की कमरेखाली कोरडं, आणि आत शेगडी पेटलेली असेल तर पाय चक्क गरम. आम्ही बोट घेताना उन्हाळा होता. ओटा बघून भुललो.

शनिवार, २ मार्च

पहिला उपाय अर्थातच छत्री. गोल्फवाल्यांची मोठी छत्री कठड्याला दोन पकडींनी बांधली. दीड तास राजासारखा गेला. मग वळणावर वारा बाजूने आला आणि बोटीची शेपटी आपोआप काठाकडे सरकायला लागली. आधी वाटलं पाण्याखाली बोट ढकलणाऱ्या पंख्यात काही अडकलं. मग लक्षात आलं की आपण शीड उभारलंय. बोटीचा तळ सपाट, पाण्याखाली जेमतेम दोन फूट. वाऱ्याला धरून ठेवायला तिच्याकडे काहीच नाही.

ती सरळ करण्याच्या नादात पुढचा पूल विसरलो. छत्रीचं टोक कमानीच्या विटेला लागलं, काड्या उलट्या झाल्या आणि कापड माझ्या तोंडावर. ताशी चारेक किलोमीटरच्या वेगात असं काही होतं तेव्हा ते फार सावकाश होतं. सगळं दिसत असतं, करता काही येत नाही. काठावर एक गृहस्थ कुत्र्याला फिरवत होते. त्यांनी सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं.

छत्री बाद.

रविवार, १० मार्च

स्टोक ब्रुएर्नच्या कालवा संग्रहालयात गेलो. लेकीचा शाळेचा प्रकल्प हे निमित्त. खरं मला बघायचं होतं की पूर्वीचे लोक काय करत. आठवडेच्या आठवडे, बाराही महिने जे या बोटींवर राहिले त्यांनी काहीतरी शोधून काढलं असणार.

नाही काढलं. निदान सुकाणूवाल्यासाठी नाही. मालवाहू बोटीचा मधला सगळा भाग ताडपत्रीने झाकायची सोय होती: मध्ये खांब, त्यावर फळ्या, बाजूच्या ताडपत्र्या, वरून आणखी एक. धान्य भिजलं तर भाडं गेलं. माणूस भिजला तर वाळतो. अख्खं कुटुंब मागच्या दहा फुटांच्या केबिनमध्ये, आणि टिलर धरणारा (पुष्कळदा धरणारी) उघड्यावर.

एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. जुन्या फोटोंतल्या बायकांची बॉनेटं. पुढे डोळ्यांवर झालर आणि मागे मानेवरून खांद्यांपर्यंत लोंबणारा चुणीदार पदर. व्हिक्टोरिया राणी वारली तेव्हा दुखवट्याची म्हणून ती काळी झाली आणि पुढे काळीच राहिली असं सांगतात. रंग सोडा, बेत बघा. मान झाकलेली, चेहरा उघडा, दोन्ही हात मोकळे.

बुधवार, १३ मार्च

आईशी व्हिडिओवर बोलताना छत्रीची गोष्ट सांगितली. ती हसली, मग म्हणाली, "अरे, इरलं कर की. आम्ही लावणीला काय छत्र्या घेऊन उभ्या राहायचो का?"

आईचं माहेर मावळातलं. भाताच्या लावणीला दिवसभर वाकून उभं राहायचं, दोन्ही हात चिखलात, पाऊस पाठीवर. त्याला उपाय म्हणजे इरलं: बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पळसाची पानं, आकार उभ्या कापलेल्या शिंपल्यासारखा. डोक्यावर टेकवायचं, पाठ कमरेपर्यंत झाकली जाते. पुढून सगळं उघडं, खालूनही उघडं. पुढे पानं जाऊन प्लास्टिकचा कागद आला, आकार तोच राहिला.

मी गेला महिनाभर 'बोटीला छप्पर कसं करायचं' हा विचार करत होतो. आई माणसाला छप्पर करायला सांगत होती.

शनिवार, २३ मार्च

तरी इमानदारीने बाजारातला पर्यायही तपासला. क्रूझर बोटींवर 'प्रॅम हूड' बसवतात, बाबागाडीच्या टपासारखा. स्टीलच्या कमानी, चारी बाजूंनी कापड, पारदर्शक खिडक्या, चेन. एका शिवणाऱ्याने आमच्या ओट्यासाठी दोन हजार पौंडांच्या वरचा आकडा सांगितला. काम सुरेख होतं, त्याबद्दल वाद नाही. पण शेजारच्या धक्क्यावरच्या म्हाताऱ्या बोटवाल्याने स्वतःचा हूड दाखवून एका वाक्यात निकाल लावला: हा थांबल्यावर बसायला आहे, चालवायला नाही.

का, ते त्याच्या हूडमध्ये उभं राहिल्यावर कळलं. पुढची प्लास्टिकची खिडकी, तिच्यावर थेंब, आतून वाफ. पन्नास फूट पुढचं नाक दिसणं दूरच, समोरून बोट आली तरी हिरवट ठिपका दिसेल. वायपर नाही. शिवाय उभा हूड बहुतेक पुलांखालून जात नाही आणि उतरवायला त्याला चार मिनिटं लागतात. आमच्या वाटेवर नॉर्टन जंक्शनपासून फॉक्स्टनच्या लॉकांच्या माथ्यापर्यंत पुलांचे आकडे १ ते ६० असे जातात. साठ वेळा चार मिनिटं.

तेव्हा अटी ठरल्या. पुढून उघडं. एका हाताने, टिलर न सोडता, दहा सेकंदांत खाली. वाऱ्याला कमीत कमी कापड. टिलरच्या फिरण्याच्या आड काही नाही.

शनिवार, ६ एप्रिल

पुलांची मापं. मला वाटायचं उंचीचा प्रश्न आहे. तो नाही, कोपऱ्यांचा आहे.

विटांची कमान मध्ये उंच असते. पण कमानीखालची एक बाजू काठावरच्या पायवाटेने खाल्लेली असते, म्हणून पाण्याची वाट कमानीच्या मधोमध नसते. बोट पलीकडच्या बाजूला सरकते, तिथे कमान खाली उतरत आलेली. डोक्यावर हातभर जागा आणि उजव्या खांद्यापाशी चार बोटं. नॅरोबोटीच्या केबिनच्या भिंती वर जाताना आत कललेल्या असतात त्याचं कारणही हेच. मी ती फॅशन समजत होतो.

माप घ्यायला बागेतल्या बांबूच्या काठ्यांची चौकट केली, जोड मुद्दाम कागदी चिकटपट्टीचे, म्हणजे धक्का लागला तर चौकट मोडेल, बोट नाही. काठ्यांच्या टोकांना मुलांचा पोहायचा फोमचा दांडा कापून बसवला आणि त्याला ओला खडू फासला. बारा पूल केले. दोन ठिकाणी उजवा कोपरा घासला, एका ठिकाणी चौकट मोडून कालव्यात गेली. (काढली. कचरा टाकून आलो नाही.)

निष्कर्ष: रुंदी दीड मीटरच्या आत, कोपरे गोल, माझ्या डोक्यावर जास्तीत जास्त वीतभर.

रविवार, २१ एप्रिल

आकार ठरवताना डोळ्यांसमोर पुण्याची रिक्षा होती. तिचा टप मागे पाडता येतो, दोन बाजूंना दोन खिळे आणि कमानी पंख्यासारख्या मिटतात. तसंच करू म्हटलं. बिजागरी कठड्यावर, कमानी मागे पडणाऱ्या. बांबू वाकवून सांगाडा उभा केला, त्यावर घरातली सोलापुरी चादर टाचण्यांनी लावली (हिला सांगितलं नव्हतं, फोटोत दिसली), आणि धक्क्याला बांधलेल्या बोटीवर टिलर पूर्ण डावीकडे फिरवला. टिलर थेट कमानीवर.

हे आधीच कळायला हवं होतं. टिलर म्हणजे मागच्या खुंट्याभोवती फिरणारा सव्वा मीटरचा दांडा. तो जिथे जिथे पोचतो त्या अर्धवर्तुळात काहीही उभं करायचं नाही. माणसाने तर नाहीच. मागे जाताना सुकाणू तळाच्या दगडाला लागलं तर हा दांडा असा झटकन फिरतो की त्याच्या वाटेत उभा असलेला माणूस कठड्यावरून पाण्यात, आणि तिथे खाली पंखा. सुकाणू शिकताना पहिल्याच दिवशी हे सांगतात. मी कापडाच्या नादात विसरलो.

मग टप उलटा केला. बिजागरी केबिनच्या मागच्या दोन कोपऱ्यांवर, टिलरच्या पोहोचेच्या पुढे. मिटताना कमानी पुढे, केबिनच्या छपरावर पडतात. पहिली कमान उभी, दुसरी डोक्यावर कललेली, तिसरी आणखी मागे, खांद्याच्या उंचीवर. टिलर तिच्या खालून आरामात जातो. चादर टाकून लांबून पाहिलं. इरलंच.

शनिवार, २५ मे

क्रिकचं बोट प्रदर्शन. आमच्याच कालव्यावर असल्यामुळे दरवर्षी होतं ते जत्रेला जाणं. यंदा फक्त कापडवाल्यांच्या तंबूत.

दोन जाती. पीव्हीसी चढवलेलं कापड: पाणी अजिबात झिरपत नाही, पण आतून घाम धरतं, उन्हात तापतं. आणि रंगवलेल्या अ‍ॅक्रिलिक धाग्याचं विणलेलं कापड: श्वास घेतं, उन्हाला टिकतं, पावसाला बरंचसं. अ‍ॅक्रिलिक घेतलं. एका बाईंनी कापडापेक्षा महत्त्वाची गोष्ट सांगितली. कापड पंधरा वर्षं टिकेल, शिवण पाच वर्षांत जाईल, कारण साधा पॉलिएस्टर धागा उन्हाने कुजतो. पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, धागा घ्या. किंमत ऐकून मी पॉलिएस्टरच घेतला, पाच वर्षांनी बघू.

शनिवार, १५ जून

कमानी २२ मिलिमीटरच्या स्टेनलेस नळीच्या. वाकवायला इथल्या एका वर्कशॉपमध्ये दिल्या होत्या. तीनपैकी एक कमान दोन सेंटीमीटर तिरकी आली. 'चालून जाईल' म्हणाले. चालून गेलं नाही, टप मिटताना एका बाजूला अडतो. परत दिली, आठवडा गेला.

शिवण मात्र घरी. जुन्या मशीनवर तीन थर म्हणजे तिच्यावर अत्याचार, चार सुया गेल्या. दुहेरी शिवणी घातल्या. जोड कौलांसारखे: वरची पट्टी खालच्या पट्टीवर, म्हणजे पाणी जोडात न शिरता पुढे जातं. मी हौसेने पहिला जोड उलटा शिवला होता. सासूबाईंनी फोटोत ओळखलं.

बुधवार, २६ जून

पाऊस नाही, ऊन. तीस अंशांच्या आसपास. सुट्टी काढून पहिला प्रवास.

पुण्याचा माणूस ऊन म्हणजे डोक्यावर असं गृहीत धरतो. इथे अक्षांश साडेबावन्न. आज, वर्षातल्या सर्वांत उंच दिवसांत, भर दुपारी सूर्य ६१ अंशांवर, आणि दिवसाचा उरलेला सगळा वेळ तो नाकासमोर किंवा कानामागे. टपाची सावली दुपारी डोक्यावर पडली, पाचनंतर ती माझ्या पाठीमागच्या पाण्यावर पडत होती. शिवाय पाण्यातून उलटून येणारी तिरीप वेगळीच. ती खालून येते, तिला टोपीही अडवत नाही. हनुवटीखाली भाजलो, हे आयुष्यात पहिल्यांदा.

दुसरं ऊन पुढून आलं. छपराचा गडद हिरवा पत्रा एवढा तापला की त्याची धग तोंडावर येत होती. छप्पर नेमकं छातीपुढे असतं.

मिटायला नऊ सेकंद. अटीत बसलं, पण दोन हात लागतात. मागचा पट्टा सोडायचं बक्कल कडक आहे.

सोमवार, १२ ऑगस्ट

या वर्षातला सर्वांत उकाड्याचा दिवस, केंब्रिजला ३४.८ अंश. मधल्या काळात छपराचा मागचा दोन मीटरचा भाग क्रीम रंगाने रंगवला होता. हातातल्या तापमापकाने दुपारी दोनला मोजलं: हिरवा पत्रा ६१, क्रीम ४४. टपाने उन्हासाठी जे केलं त्यापेक्षा रंगाच्या एका डब्याने जास्त केलं, हे कबूल करायला हवं.

बक्कल काढून टाकलं. त्याजागी दोरीचा फास आणि लाकडी गुंडी, आमच्या जुन्या पिशव्यांना असायची तशी. एका हाताने, न बघता, चार सेकंद.

शनिवार, ७ सप्टेंबर

एक चूक, जी लिहून ठेवायलाच हवी.

मागून येणारा पाऊस पायांवर येतो म्हणून तिसऱ्या कमानीपासून कठड्यापर्यंत मागे एक पडदा शिवला. दिसायला छान, आत उबदार. फॉक्स्टनच्या लॉकांच्या जिन्यात वर चढताना चौथ्या लॉकमध्ये पाणी भरायची वाट बघत होतो, इंजिन चालू, आणि केबिनच्या दारातल्या कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवर आकडा दिसला. त्याच्यावर नेहमी शून्य असतं. आता वीसच्या पुढे. भोंगा वाजला नव्हता, पण आकडा चढत होता.

आमचा धूर मागे डावीकडून, पाण्याच्या थोडा वर बाहेर पडतो. एरवी तो वाऱ्यावर जातो. लॉकच्या दोन भिंतींमध्ये तो जागीच राहतो, पडद्याच्या खालून वर येतो आणि टपाच्या पोकळीत साठतो. या वायूला वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. डिझेलचा वास येत होता, तो इतका रोजचा की नाकाने दखलच घेतली नाही.

इंजिन बंद, पडदा तिथेच उसवला. २०१९च्या एप्रिलपासून केबिन असलेल्या बोटींवर हा अलार्म सक्तीचा आहे. तेव्हा मी 'आणखी एक नियम' म्हणून कुरकुरलो होतो.

मावळातलं इरलं खालून उघडं असतं ते काही धुरामुळे नव्हे. पण उघडं असतं, आणि ते तसंच ठेवायचं.

रविवार, २२ सप्टेंबर

अखेर खरा पाऊस, सकाळपासून, थांबायचं नाव नाही. मुद्दाम बाहेर पडलो. ही म्हणाली, लोक पाऊस बघून घरी बसतात.

पहिला तास: डोकं, मान, पाठ, दोन्ही बाह्या कोरड्या. हातमोजा कोरडा! समोरचं सगळं उघड्या डोळ्यांनी दिसतंय, काच नाही, वाफ नाही. कापडावरचा आवाज थेट पत्र्याच्या पडवीतला.

दुसरा तास: पहिल्या आणि दुसऱ्या कमानीमधलं कापड ओलं होऊन सैल पडलं आणि त्यात पाणी साठायला लागलं. खालून बघितलं तर कापडाला म्हशीच्या पोटासारखा फुगवटा. बोटाने वर ढकलावं म्हटलं. ढकललं. दोन तांबे गार पाणी कमानीवरून पुढे न जाता माझ्या कॉलरमध्ये. आतापर्यंतच्या सगळ्या पावसांनी मिळून केलं नसेल एवढं त्या एका बोटाने केलं.

उपाय: मधोमध लांबीच्या दिशेने एक लवचीक पट्टी, कण्यासारखी, म्हणजे पाणी दोन्हीकडे वाहील. तोवर तात्पुरती बांबूची कामटी शिवून घातली. आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर: "आता दिसतंय खरं."

पूल अकरा झाले. तीन ठिकाणी टप पाडला, बाकीच्यांखालून उभाच नेला. क्रिकच्या बोगद्यात मात्र पाडला. आत छतातून धारा पडतात, तेव्हा खरं तर तिथेच तो हवा होता, पण पुढच्या दिव्याचा उजेड कापडाच्या फिकट आतल्या बाजूवर पडून डोळ्यांत येतो आणि भिंत दिसेनाशी होते. बोगद्यासाठी जुनं जाकीटच.

शनिवार, १९ ऑक्टोबर

दुपारी तीनला दक्षिणेकडे जाताना सूर्य सरळ टपाच्या तोंडातून आत. पहिल्या कमानीला पुढे वीतभर झालर लावली, बॉनेटची आठवण ठेवून. खाली-वर गुंडाळता येते. पूर्ण सोडली तर पुलाची कमान दिसत नाही, म्हणून अर्धीच.

वाऱ्याचं: छत्रीइतका त्रास नाही, पण आहे. बाजूच्या वाऱ्यात टिलर थोडा जास्त धरून ठेवावा लागतो. फार सुटला की टप पाडून सरळ भिजायचं.

पाय अजून ओले होतात. आईला विचारलं की लावणीला पायांचं काय करायचे.

"चिखलात असायचे पाय," ती म्हणाली. "त्यांचं काय करणार?"

शनिवार, ९ नोव्हेंबर

हिवाळ्यासाठी कापड उतरवलं. ओलं घडी केलं तर बुरशी येते, म्हणून न्हाणीघरात टांगलंय. घरात तीन दिवस कालव्याचा वास आहे. मधल्या शिवणीत डाव्या कोपऱ्यापाशी दोन सेंटीमीटर धागा आत्ताच विरलाय, पाच वर्षं कसली. तो पीटीएफईचा धागा मागवला.